दसऱ्याला रावणदहन आणि आतषबाजी: परवानग्या आणि सुरक्षेचे नियम कोणाला नीट माहीत आहेत?

सह्यवाट

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या पाच-सहा सोसायट्यांचं मिळून एक सांस्कृतिक मंडळ आहे. यंदा दसऱ्याला रावणदहन आणि त्यानंतर पंधरा मिनिटं आकाशातली आतषबाजी असा बेत ठरतोय. मैदान महापालिकेचं. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला रस्ता आणि रस्त्यापलीकडे सात मजली इमारती. हजार-दीड हजार माणूस सहज जमेल, त्यात लहान मुलं भरपूर.

आतषबाजीचा ठेकेदार म्हणतो, "परवानगीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त लेटरहेडवर सही करून द्या." हे मला पटत नाही. म्हणून स्वतः फिरायला सुरुवात केली. क्षेत्रीय कार्यालयात सांगितलं, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणाले, अग्निशमनचा ना हरकत दाखला आणा. अग्निशमनवाले म्हणतात, आधी जागेची परवानगी दाखवा. हद्द पोलीस आयुक्तालयाची आहे.

नेमका क्रम काय, कोणाची सही शेवटची आणि सुरक्षेचे नियम कुठे लिहिलेले आहेत, हे कोणी समजावून सांगेल का?

दिवेलागण

बाकीचं जाणकार सांगतीलच, पण कोऱ्या लेटरहेडवर सही अजिबात देऊ नका. काही झालं तर पोलीस आयोजकाला शोधत येतात, आणि कागदावर आयोजक तुम्हीच असता.

जुना_फायरमन

महापालिकेच्या अग्निशमन दलात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. सविस्तर लिहितो, कारण या विषयात अर्धवट माहितीनंच जास्त घोळ होतात.

पहिली गोष्ट. सार्वजनिक आतषबाजीचा मूळ परवाना महापालिका देत नाही. तो स्फोटके कायदा १८८४ आणि स्फोटके नियम २००८ यांच्याखाली येतो. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांचं कार्यालय, बाहेर जिल्हाधिकारी. नियमांत सार्वजनिक आतषबाजीसाठी वेगळा परवाना आहे, एलई-६ म्हणतात त्याला. दुकान टाकायचा परवाना वेगळा आणि हा वेगळा. ठेकेदार दुकानाचा परवाना दाखवून "आमच्याकडे लायसन आहे" म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका. विकायची परवानगी असली म्हणजे हजार माणसांसमोर उडवायची परवानगी मिळाली असं होत नाही.

महापालिकेकडून लागते ती जागा. मैदान ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे तारीख, वेळ आणि नकाशा देऊन तत्त्वतः मान्यता मागा. ते पत्र हातात आलं की अग्निशमनकडे ना हरकतीसाठी जा, तिथून पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखा, आणि मग सगळी फाईल पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याची परवानगी निराळी. तुम्ही ज्या चक्रात अडकला आहात ते जागेच्या पत्रानं सुटतं. निदान महिना-दीड महिना हातात ठेवा.

पण फाईल करण्याआधी एक काम करा. पन्नास मीटरची टेप घ्या आणि मैदान मोजा. शाळेची भिंत, रस्ता, विजेच्या तारा, झाडं, इमारती, सगळं कागदावर मांडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं स्फोटके नियमांत सार्वजनिक आतषबाजीची अंतरं वाढवली. माल साठवायची जागा उडवायच्या जागेपासून २०० मीटर. प्रेक्षक उडवायच्या जागेपासून १०० मीटर. रुग्णालय, नर्सिंग होम, शाळा २५० मीटरच्या आत असेल तर तिथली परवानगी असल्याशिवाय नाही. हे आकडे जमिनीवर बसत असतील तरच पुढचे कागद करण्यात अर्थ आहे.

कलम_कागद

कायद्याच्या बाजूनं थोडी भर.

सर्वोच्च न्यायालयाचा २३ ऑक्टोबर २०१८ चा आदेश: दिवाळी आणि इतर सणांना रात्री ८ ते १० एवढाच वेळ, नाताळ आणि नववर्षाच्या रात्री ११.५५ ते १२.३०. माळा म्हणजे लडी बंद. बेरियमची रसायनं बंद. फक्त हरित फटाके. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं त्यांची सूत्रं तयार केली आहेत, खोक्यावर लोगो आणि क्यूआर कोड असतो, तो स्कॅन करून बघा. मुंबई उच्च न्यायालयानंही नोव्हेंबर २०२३ मध्ये वेळ आधी ७ ते १० आणि काही दिवसांतच ८ ते १० केली होती. आवाजाची मर्यादा त्याहून जुनी आहे: फुटण्याच्या ठिकाणापासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र.

तुमची मिरवणूक लांबली, पाहुणे उशिरा आले आणि दहा वाजून गेले, तर त्या क्षणी तुमचा परवाना संपलेला असतो. भाषणं आधी संपवा किंवा सरळ रद्द करा.

जबाबदारीचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८८ स्फोटक पदार्थाबाबत निष्काळजीपणासाठी आहे. कोणाचा जीव गेला तर कलम १०६, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद. ठेकेदाराशी केलेल्या करारात "सर्व जबाबदारी ठेकेदाराची" असं लिहिलं तरी पोलिसांवर ते बंधनकारक नाही. सार्वजनिक दायित्व विमा घ्या आणि पॉलिसीत आतषबाजीचा स्पष्ट उल्लेख आहे ना ते वाचा. साध्या कार्यक्रमाच्या पॉलिसीत बहुधा नसतो.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यातला. आमच्याकडं कवठेएकंदची दसऱ्याची आतषबाजी सगळ्यांना माहीत आहे. सिद्धराजाच्या पालखीपुढं औट म्हणजे आकाशात उडणारे गोळे, शिंगटं, झाडकाम म्हणजे झाडासारखी उभी केलेली जमिनीवरची आतषबाजी, रात्रभर चालतं. पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे ती. गावातली पोरं आठ-आठ दिवस दारू कुटून, कागद चिकटवून स्वतः बनवतात. ती शंभर मीटर लांबून बघायची म्हणजे काय बघायचं? केरळात झालं म्हणून सगळ्या देशाला एकच पट्टी लावायची हे मला पटत नाही. नियम करणाऱ्यांनी एकदा तरी आमच्या गावात दसऱ्याला यावं.

जुना_फायरमन

कृष्णाकाठ, तुमचा राग मला समजतो. ती आतषबाजी मी पाहिली आहे आणि त्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण याच कवठेएकंदमध्ये मे २०१५ मध्ये फटाके कारखान्यात स्फोट होऊन कामगार गेले, हेही तुम्हाला माझ्यापेक्षा जवळून माहीत असेल. हातानं दारू भरणाऱ्यालाच पहिला धोका असतो. अंतराचा नियम त्याच्यासाठीही आहे.

आणि केरळात काय झालं ते नीट सांगतो, कारण आजच्या अंतरांच्या मागे तो अनुभव आहे.

१० एप्रिल २०१६, कोल्लम जिल्ह्यातलं परवूर, पुट्टिंगल देवीचं मंदिर. दोन गटांत आतषबाजीची चढाओढ व्हायची. जिल्हा प्रशासनानं त्या वर्षी परवानगी नाकारली होती. तरीही मध्यरात्रीपासून कार्यक्रम सुरू झाला. पहाटे तीनच्या सुमारास एक पेटता गोळा साठ्याच्या खोलीजवळ पडला. खोली काँक्रीटची होती, मंदिराच्या आवारातच, गर्दीला लागून. ती खोली उडाली आणि काँक्रीटचे तुकडे दूरवर फेकले गेले. शंभराहून अधिक माणसं गेली, तीनशेहून अधिक जखमी झाली. आकाशात उडालेल्या औटांनी एवढी माणसं मेली नाहीत. जमिनीवर, अजून उडायच्या राहिलेल्या मालानं ती मारली.

त्यानंतर आठ वर्षांनी, २८ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, कासरगोड जिल्ह्यातल्या नीलेश्वरमला पुन्हा तेच. ठिणगी साठ्यात पडली, दीडशेहून अधिक लोक जखमी झाले. साठा गर्दीच्या शेजारी होता आणि परवाना घेतलेला नव्हता. अंतरं वाढवणारी अधिसूचना त्याच महिन्यात निघाली होती.

तुम्ही म्हणता ते त्रिचूरचे लोकही म्हणतात. तिथल्या पूरम या मंदिरोत्सवाची आतषबाजी तेक्किंकाड मैदानात होते, तिथे ही अंतरं बसत नाहीत, म्हणून केरळ सरकारनंही केंद्राकडे तक्रार केली. वाद खरा आहे आणि तो व्हायला हवा. प्रेक्षकांचे शंभर मीटर ऐंशी करावेत का, यावर मी चर्चा करायला तयार आहे. पण साठा गर्दीजवळ ठेवायचा की नाही यावर मी चर्चा करणार नाही.

कृष्णाकाठ

साठ्याचं मान्य. आमच्याकडं आता बरीच मंडळं माल लांब ठेवून थोडा थोडा आणतात. पण तालुक्याच्या पातळीवर कारागिरांना कोणी शिकवतच नाही, नुसती नोटीस येते. परवाना शाखेनं दसऱ्याआधी महिनाभर गावात येऊन दोन दिवस शिबिर घेतलं तर लोक ऐकतील. नोटिशीनं नाही ऐकणार.

पल्लवी_नाशिक

रावणदहन म्हटल्यावर मला अमृतसर आठवतं. १९ ऑक्टोबर २०१८, जोडा फाटक. मैदान भरलं म्हणून लोक शेजारच्या रेल्वे रुळांवर उभे राहिले. पुतळा पेटला, फटाके फुटायला लागले, त्या आवाजात गाडी आली ते कळलंच नाही. साठेक माणसं गेली. महापालिकेकडून परवानगी घेतलेलीच नव्हती, असं तिथल्या आयुक्तांनी नंतर सांगितलं.

सह्यवाट दादा, तुमच्या मैदानाला लागून रस्ता आहे. रावण पेटला की माणूस आपोआप मागे सरकतो. तुमचे लोक मागे सरकले तर कुठे जातील, ते आधी बघा. त्या दोन तासांसाठी रस्ता बंद करायला लागेल आणि ते वाहतूक शाखेच्या लेखी पत्राशिवाय होणार नाही.

लेस्टरकर

इंग्लंडातून लिहितोय. इथे लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडची दिवाळी भारताबाहेरच्या मोठ्या दिवाळ्यांपैकी एक. २०२५ मध्ये नगरपालिकेनं दिवे लावले, रस्ता सजवला, पण आतषबाजी आणि रंगमंच रद्द केले. कारण गर्दी. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सेवा आणि नगरपालिका यांची मिळून एक सुरक्षा सल्लागार समिती असते, तिनं सांगितलं की एवढ्या लोकांना या जागेत सुरक्षित ठेवता येणार नाही. आमच्यापैकी बरेच जण चिडले. मीही नाराज होतो, पण आदल्या वर्षीच्या गर्दीत आईला घेऊन अडकलो होतो, त्यामुळे निर्णय चुकीचा म्हणवत नाही.

सांगायचा मुद्दा वेगळा आहे. इथे हे सगळे विभाग एका टेबलाशी बसतात. आयोजकाला दारोदार फिरावं लागत नाही, आणि "नाही" म्हणायचं असेल तर सगळे मिळून एकदाच म्हणतात. आपल्याकडे गणेशोत्सवात मंडपांसाठी एक खिडकी चालते, तर आतषबाजीसाठी का चालू नये?

बाकी इथे मोठे गोळे सामान्य माणसाला विकतच मिळत नाहीत, ते फक्त प्रशिक्षित व्यावसायिकांसाठी. वेळेची बंदी रात्री ११ पासून, दिवाळीला १ पर्यंत सूट.

खाडीकिनारा

कॅलिफोर्नियातलं एक उदाहरण. सिमी व्हॅली, ४ जुलै २०१३. परवाना होता, व्यावसायिक कंपनी होती. कार्यक्रम चालू असताना गोळे उडवायच्या नळ्यांची मांडणी कोसळली आणि गोळे आडवे गर्दीत घुसले, तिसाहून अधिक जखमी. म्हणजे कागद पूर्ण असूनही मांडणी पक्की नसेल तर उपयोग नाही. इथल्या मानकात गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे ७० फूट मोकळी जागा धरतात. तीन इंची गोळ्याला २१० फूट, सहा इंचीला ४२०.

मिणमिणती

ड्रोन शो करा ना. ना धूर, ना आवाज.

सह्यवाट

@मिणमिणती, भाव काढला. आमच्या वर्गणीत बसत नाही. शिवाय गर्दीवरून ड्रोन उडवायचे तर त्याच्याही वेगळ्या परवानग्या आहेत.

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही चौघांनी टेप घेऊन मैदान मोजलं. १२० मीटर लांब, ७८ मीटर रुंद. नळे अगदी एका टोकाला लावले तर समोरच्या टोकाला शंभर मीटरवर दोरी बांधता येते, पण मग दोरीमागे उरतात २० मीटर. त्यात हजार माणसं कशी उभी राहणार? आणि नळ्यांच्या मागे तीस मीटरवर शाळेची भिंत. साठ्यासाठी २०० मीटर तर मैदानात शोधूनही सापडत नाहीत. रस्त्यापलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर नर्सिंग होम आहे, हे मी इतकी वर्षं राहूनही लक्षात घेतलं नव्हतं.

समितीतल्या एकांचं म्हणणं, आकाशातले नको, जमिनीवरचं झाडकाम आणि पाऊस लावू, त्याला कोण विचारतंय. फायरमन काका, हे चालेल का?

जुना_फायरमन

नाही. गर्दी बोलावून, जाहिरात करून लावलेलं झाडकाम हीसुद्धा सार्वजनिक आतषबाजीच. "कोण विचारतंय" या वाक्यानं सुरू झालेल्या कार्यक्रमांची आग विझवायला मी गेलो आहे. ज्याला विचारायचं असतं तो दुसऱ्या दिवशी विचारतो.

तुम्ही मोजमाप इतकं व्यवस्थित केलंत, तर त्याचं उत्तरही मान्य करा: या मैदानात आतषबाजी होत नाही. रावणदहन होऊ शकतं, पुतळ्याची उंची कमी ठेवून, आत फटाके न भरता, अग्निशमनच्या परवानगीनं. पुतळा जितका उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर सगळ्या बाजूंनी मोकळं ठेवा, हा माझा अनुभवाचा हिशोब आहे, नियमातला नाही.

हडफड्याजवळ

गोव्यातून. "छोटंसं आहे, काय होतंय" याबद्दल एवढंच लिहिते. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यातल्या नाइट क्लबमध्ये आग लागली, २५ माणसं गेली, त्यात स्वयंपाकघरात काम करणारे बरेच. आत लावलेल्या आतषबाजीनं आग लागल्याचं सरकारनं सांगितलं. लग्नाच्या हॉलमध्ये वधू-वरांच्या वाटेवर ठिणग्यांचे कारंजे लावतात, ते आता सगळीकडे झालंय. त्यालाही कोणी परवानगी मागत नाही. या धाग्यावर मैदानाची चर्चा चालली आहे, पण छताखाली तर हे लावूच नये.

आजीचा_नातू

आमच्या घरी आजीला दमा आहे. दरवर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत खिडक्या बंद. मला आतषबाजी आवडते, खोटं कशाला बोलू. पण सगळ्या सोसायट्यांनी आपापल्या पार्किंगमध्ये दहा दिवस उडवण्यापेक्षा एकदाच, एका ठिकाणी, वस्तीपासून लांब, अर्धा तास झाली तर आजीलाही एकच रात्र सांभाळावी लागेल.

कलम_कागद

@आजीचा_नातू, २०१८ च्या आदेशात हेच आहे. शक्य तिथे सामुदायिक आतषबाजी करावी आणि त्यासाठी प्रशासनानं जागा आधीच ठरवून लोकांना कळवाव्यात. बहुतेक शहरांत हा भाग कागदावरच राहिला आहे. आयुक्तांना निवेदन देताना या आदेशाचा हवाला द्या. मागणी तुमची नाही, न्यायालयाची आहे.

सह्यवाट

काल रात्री बैठक झाली. वादावादी झाली, एक सभासद उठून गेले. पण ठरलं ते असं:

आमच्या मैदानात फक्त रावणदहन, बारा फुटांचा पुतळा, आत फटाका नाही. आतषबाजी या दसऱ्याला नाही. शहराबाहेर बाजार समितीच्या मागे मोठं मोकळं मैदान आहे, तिथे आजूबाजूला शेत आणि एक गोदाम, वस्ती अर्धा किलोमीटरवर. शेजारच्या तीन मंडळांशी बोलणं झालं. चौघांनी मिळून दिवाळीच्या पाडव्यासाठी एकच अर्ज करायचा. ठेकेदाराला सांगितलं की परवान्याचा अर्ज आमच्या नावानं, आमच्या हातानं जाईल. तो म्हणाला मग भाव वाढेल. वाढू दे.

काका, गोदामात कापूस असतो. चालेल का? आणि कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही काय बघायचं?

जुना_फायरमन

अभिनंदन. उठून गेलेल्या सभासदांना पाडव्याला मानानं बोलवा.

कापसाचं गोदाम असेल तर वाऱ्याची दिशा बघून नळे त्याच्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला. पत्र्याखालच्या फटी ओल्या गोणपाटानं बंद करायला मालकाला सांगा, आणि त्याची लेखी संमती फाईलला लावा. ती नसेल तर अग्निशमनचा अधिकारी जागा बघायला आल्यावर पहिल्याच मिनिटाला ना हरकत नाकारेल, आणि बरोबर करेल.

त्या दिवशी बघायच्या गोष्टी. नळे फायबरचे किंवा जाड एचडीपीई प्लॅस्टिकचे हवेत. लोखंडी नळा फुटला तर त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीगत जातात, पीव्हीसीचा तर वापरूच नये. प्रत्येक सांगाडा वाळूच्या पोत्यांनी दोन्ही बाजूंनी आवळलेला असावा. हातानं हलवून बघा, हलला तर कार्यक्रम थांबवा. त्या रात्रीपुरता लागेल तेवढाच माल आणायचा, ताडपत्रीखाली झाकायचा, त्याच्यापाशी एकही मोबाईल किंवा विडी नको. न उडालेल्या नळ्याकडे निदान पंधरा मिनिटं कोणी जायचं नाही आणि त्यात वाकून तर कधीच बघायचं नाही. माझ्या नोकरीत डोळे गेलेली जी माणसं पाहिली, त्यातली बहुतेक वाकून बघणारी होती.

सगळ्यात महत्त्वाचं: थांबवायचा अधिकार एका माणसाकडे द्या आणि त्याचं नाव अर्जात लिहा. तो अध्यक्ष नको, पाहुण्यांच्या शेजारी बसणारा नको. त्यानं नळ्यांजवळच्या माणसाला दिसेल अशा ठिकाणी शिट्टी आणि लाल टॉर्च घेऊन उभं राहायचं. वारा फिरला, दोरी तुटली, एक पोर आत धावलं, की शिट्टी. आमदार बसलेले असले तरी शिट्टी. आणि नंतर त्याला कोणी बोल लावायचा नाही, हे बैठकीत ठराव करून घ्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चार माणसांनी मैदान पालथं घालायचं, मुलं खेळायला यायच्या आत. न फुटलेला माल हातानं उचलायचा नाही, त्यावर पाणी ओतून ठेकेदाराला बोलवायचं.

सह्यवाट

शिट्टीचं काम आमच्या सोसायटीतल्या निवृत्त शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी मागून घेतलं आहे. जागेचा अर्ज सोमवारी देतोय. कोणाकडे एलई-६ च्या अर्जासोबत जोडलेल्या नकाशाचा नमुना असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपात पाठवा, मापं आणि खुणा कशा दाखवतात ते बघायचं आहे.

कलम_कागद

पाठवला. त्यात साठ्याची जागा लाल रंगानं आणि रुग्णवाहिकेची वाट हिरव्या रंगानं दाखवली आहे. वाटेची रुंदी लिहायला विसरू नका, बंब आत वळतो की नाही हे अधिकारी त्यावरूनच ठरवतात.